बांबू, ताडपत्री आणि महिन्याचे बारा डॉलर

मार्च 2025 च्या पहिल्या आठवड्यात बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांमध्ये एक आकडा झोपडीझोपडीत पोहोचला: 726 टका. जागतिक अन्न कार्यक्रमाकडून अन्नासाठी माणशी दरमहा मिळणारे 1,515 टका एप्रिलपासून निम्म्यावर येणार होते. साडेबारा डॉलरचे सहा डॉलर. महिना संपता संपता निधीची सोय झाली, मोठी कपात टळली आणि रक्कम बारा डॉलरवर थांबली. पण मधले तीन आठवडे दहा लाखांहून अधिक माणसांनी कसे काढले असतील, या विचाराने जीव कासावीस होतो.

बारा डॉलर म्हणजे आपल्याकडचे हजार-अकराशे रुपये, दिवसाला साधारण पस्तीस. एवढ्यावर विसंबायचे कारण असे की छावणीबाहेर जाऊन नोकरी करायला, शेत कसायला किंवा रीतसर दुकान टाकायला या माणसांना परवानगी नाही. रोहिंग्यांना मिळणारी मदत समजून घ्यायची तर ही गोष्ट आधी ध्यानात ठेवावी लागते. पूर किंवा भूकंप झाला की धान्याच्या पाकिटांवर लोक चार महिने काढतात आणि मग आपापल्या उद्योगाला लागतात. इथे 2017 पासून तेच धान्य हाच संसार आहे. यजमान देशाने छावण्या ‘तात्पुरत्या’ मानल्या आहेत, आणि घर, शाळा, रोजगार या सगळ्यांवर त्या एका शब्दाची छाया पडलेली आहे.

नाफ नदीच्या पलीकडे

म्यानमारच्या पश्चिम किनाऱ्यावरचा राखाइन प्रांत म्हणजे जुना आराकान. तिथल्या मुस्लिम रोहिंग्यांची भाषा चितगावच्या बोलीला जवळची, म्हणजे आपल्या मराठीच्याही दूरच्या नात्यातली. 1982 च्या नागरिकत्व कायद्यानंतर म्यानमारने मान्य केलेल्या 135 वांशिक गटांत त्यांचे नाव नाही. नागरिकत्व नाही म्हणून प्रवासाला, लग्नाला, शिक्षणाला परवानगीची अट, आणि परवानगी देणारा अधिकारी त्यांना परके मानणारा.

सीमेवरची नाफ नदी ओलांडून ते बांगलादेशात आले ते काही एकदाच नाही. 1978 मध्ये सुमारे दोन लाख आले, 1991-92 मध्ये अडीच लाख. त्यांतले बरेच परत पाठवले गेले. जे उरले त्यांच्यासाठी कुतुपालोंग आणि नयापारा या दोन नोंदणीकृत छावण्या राहिल्या. 2012 च्या दंगलींनंतर लाखाहून अधिक रोहिंग्यांना म्यानमारमध्येच, सितवे शहराभोवतीच्या छावण्यांत डांबले गेले. मग 25 ऑगस्ट 2017 उजाडला. रोहिंग्यांच्या एका सशस्त्र गटाने पोलीस चौक्यांवर हल्ले केले आणि लष्कराने त्याचे उत्तर गावेच्या गावे जाळून दिले. माणसे मारली गेली, बायकांवर सामूहिक अत्याचार झाले. पुढच्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक लोक नदी, खाड्या आणि चिखल तुडवत पलीकडे आले. आलेल्यांत निम्म्याहून अधिक लहान मुले होती.

बांगलादेशाने तेव्हा सीमा बंद केली नाही. स्वतः दाटीवाटीने राहणाऱ्या, तुलनेने गरीब देशाने हे केले याची नोंद आधी करायला हवी. पुढे त्याच्या धोरणांवर टीका करतानाही ती विसरता कामा नये.

मदत चालवते कोण

उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांत मिळून 33 छावण्या आहेत. सगळ्यांचे क्षेत्रफळ सुमारे 24 चौरस किलोमीटर. सरकारच्या वतीने कारभार पाहतो तो ‘निर्वासित मदत व परतपाठवणी आयुक्त’. परतपाठवणी हा शब्द कार्यालयाच्या नावातच आहे. प्रत्येक छावणीवर एक प्रभारी अधिकारी असतो. त्याच्या हाताखाली वस्तीवस्तीत ‘माझी’ नेमलेले असतात. हा शब्द बंगालीतला, मूळ अर्थ नावाडी. यादीत कोणाचे नाव घालायचे, कोणाची तक्रार वरपर्यंत न्यायची, हे अनेकदा या माझीच्या हातात असते, आणि जिथे असा हात असतो तिथे पक्षपात आणि चिरीमिरीच्या तक्रारीही असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी कामे वाटून घेतली आहेत. निर्वासितांचे उच्चायुक्त कार्यालय आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना यांच्याकडे छावण्यांची व्यवस्था, जागतिक अन्न कार्यक्रमाकडे अन्न, युनिसेफकडे मुले. प्रत्यक्ष पायी हिंडणारी माणसे मात्र बहुतेक स्थानिक: ब्रॅकसारख्या बांगलादेशी संस्थांचे कार्यकर्ते आणि मानधनावर काम करणारे रोहिंग्या स्वयंसेवक.

भारताचीही यात थोडी भर आहे. सप्टेंबर 2017 मध्ये ‘ऑपरेशन इन्सानियत’ या नावाने तांदूळ, डाळ, साखर, मीठ, तेल, मच्छरदाण्या असे सामान हवाई दलाच्या विमानाने आणि पुढे नौदलाच्या जहाजांनी चितगावला पोहोचवले गेले. पुढे राखाइनमध्ये परतणाऱ्यांसाठी भारताने 250 घरे बांधून दिली.

महिन्याचे वाणसामान

सुरुवातीच्या महिन्यांत ट्रकमधून तांदूळ, डाळ आणि तेल वाटले जाई. उन्हात तासन् तास रांग, ढकलाढकल, आणि पोत्यात जे येईल ते घ्यायचे. एकट्या बाईने, म्हाताऱ्याने तीस किलोचे पोते चिखलाच्या टेकडीवर कसे चढवायचे, याचा विचार त्या घाईत कोणी केला नव्हता.

हळूहळू पद्धत बदलली. आता प्रत्येक कुटुंबाला एक कार्ड असते. दर महिन्याला माणसांच्या संख्येप्रमाणे त्यावर रक्कम जमा होते आणि छावणीतल्या ठरावीक दुकानांतून कुटुंब आपल्याला हवे ते घेते. दुकाने बांगलादेशी व्यापारी चालवतात आणि भाव फलकावर लिहिलेले असतात. तांदूळ, मसूर, तेल, मिरची, हळद, कांदा, अंडी, भाजी, सुकी मासळी. सुक्या मासळीवाचून रोहिंग्यांचे जेवण अपुरे असते, हे आपल्या कोकणातल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. घरच्या बाईला आज काय शिजवायचे हे ठरवता येणे, एवढी एक गोष्ट या कार्डाने परत दिली. मला हा बदल सगळ्या योजनांत मोलाचा वाटतो.

पण रक्कम स्थिर राहिली नाही. 2023 च्या आरंभी माणशी 12 डॉलर मिळत होते. त्या मार्चमध्ये 10 झाले, जूनमध्ये 8. कारण एकच, देणगीदार देशांकडून पैसा आला नाही. त्याच वर्षीच्या पाहणीत छावण्यांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांमधले तीव्र कुपोषण 15 टक्क्यांवर गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत 15 टक्के म्हणजे आणीबाणी. 2024 मध्ये रक्कम टप्प्याटप्प्याने साडेबारा डॉलरपर्यंत वाढवली गेली आणि रेशनमध्ये जीवनसत्त्वे मिसळलेला तांदूळ आला.

कपात झाली की घरात काय होते, याचा क्रम मदतकार्य करणाऱ्यांना पाठ झाला आहे. आधी अंडी आणि मासळी जाते. मग आई एक वेळचे जेवण सोडते. मग उधारी. मग मुलगा छावणीबाहेर चोरून मजुरीला जातो आणि पोलिसांच्या हाती लागण्याची जोखीम पत्करतो. मुलीचे लग्न लवकर उरकले जाते, म्हणजे खाणारे एक तोंड कमी. आणि शेवटी मलेशियाची वाट दाखवणारा दलाल दारात येतो. 2023 मध्ये अंदमानच्या समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात 569 रोहिंग्या मृत किंवा बेपत्ता झाले. त्या वर्षीचा रेशनचा तक्ता आणि बोटींचा हा आकडा शेजारी ठेवून पाहावा.

पाणी, संडास आणि घटसर्प

2017 च्या पावसाळ्यात सात लाख माणसे उघड्या डोंगरावर उतरली तेव्हा पहिली भीती कॉलऱ्याची होती. घाईघाईने हजारो उथळ कूपनलिका खोदल्या गेल्या आणि हजारो संडास, तेही बऱ्याचदा एकमेकांच्या शेजारी. काही फूट खोल खड्डे काही आठवड्यांत भरून वाहू लागले. घाण पाण्यात उतरू लागली. संडास मोजके आणि उघड्यावर, तेव्हा बायका दिवसभर पाणी प्यायचे टाळत, अंधार पडायची वाट पाहत. अशा वेळी दाराला आतून कडी आणि वाटेवर एक दिवा हीसुद्धा मदत असते, आणि ती उशिरा पोहोचली.

कॉलरा मात्र पसरला नाही. 10 ऑक्टोबर 2017 रोजी तोंडावाटे द्यायच्या कॉलरा लसीची मोहीम सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत सुमारे सात लाख लोकांना डोस मिळाला. जगातल्या सर्वांत मोठ्या कॉलरा लसीकरणांपैकी ते एक होते. यात एक जुने ऋण फिटल्यासारखे वाटते. 1971 च्या मुक्तियुद्धात पूर्व पाकिस्तानातून भारतात आलेल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचे सलाइन संपत आल्यावर मीठ-साखरेचे द्रावण पिंपांतून पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आणले. त्या द्रावणाचा पाया ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत घातला गेला होता. त्याच प्रयोगशाळेची आजची वारस संस्था रोहिंग्यांच्या लसीकरणात पुढे होती.

कॉलरा अडवला, पण मागच्या दाराने घटसर्प आला. हा शब्द आपल्याकडे अनेकांनी आजीच्या आठवणींतच ऐकलेला असतो. राखाइनमध्ये नेहमीच्या लसी न मिळालेली मुले नोव्हेंबर 2017 पासून घसा दाटून रुग्णालयात येऊ लागली. हजारोंना लागण झाली, चाळीसहून अधिक जण दगावले. बहुतेक देशांत हा आजार दुर्मीळ झाल्यामुळे त्यावरचे प्रतिविष जगातच तुटपुंजे होते; ते शोधून, विमानाने आणून, मोजून वापरावे लागले. अनेक तरुण डॉक्टरांनी हा आजार तोवर फक्त पुस्तकात पाहिला होता.

पुढे पाण्याची व्यवस्था खूप सुधारली. खोल विंधन विहिरी, सौरऊर्जेवरचे पंप, क्लोरीन घातलेले नळाचे पाणी. मैला हलवण्याचा प्रश्न सर्वांत अवघड होता, कारण अरुंद वाटांवर टँकर जात नाही. 2019 मध्ये ऑक्सफॅमने दीड लाख लोकांचा मैला प्रक्रिया करू शकेल असा प्रकल्प छावणीतच उभारला. टेकनाफकडे अडचण निराळी. तिथे जमिनीखाली पुरेसे पाणी नाही. पावसाचे आणि ओढ्यांचे पाणी साठवून उन्हाळ्यात गाड्यांनी पुरवावे लागते. मराठवाड्यातल्या वाचकाला त्या रांगा डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही.

दाटीचे आजार मात्र हटत नाहीत. 2023 मध्ये एका पाहणीत सुमारे 40 टक्के लोकांना खरूज आढळली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या पाहणीत जवळपास दर पाचव्या प्रौढाला हेपॅटायटिस सी असल्याचे दिसले. खरजेवर औषध आहे, पण एका खोलीत सात-आठ जण एकाच अंथरुणावर झोपत असतील तर ती औषध घेऊनही परत येते.

बांबूचे घर

घर म्हणजे बांबूचा सांगाडा, बांबूच्या तट्ट्या आणि वर ताडपत्री. वीट-सिमेंटच्या पक्क्या घराला सरकारची परवानगी नाही, कारण पक्के घर म्हणजे पक्का मुक्काम. त्यामुळे अभियंत्यांनी सगळी बुद्धी बांबूवर खर्च केली. सुरुवातीला लाखोंनी आणलेला कच्चा बांबू किडीने वर्ष-दोन वर्षांत पोखरला. मग बांबू बोरॅक्सच्या द्रावणात मुरवून देणारी केंद्रे निघाली, आणि खांबाचा पाय मातीत कुजू नये म्हणून त्याला धातूचा बूट देण्यात आला. इतकी मेहनत घेऊनही काही वर्षांनी बांबू बदलावाच लागतो. पक्क्या घराला एकदाच लागला असता तो पैसा इथे पुनःपुन्हा लागतो, आणि त्यासाठी देणगीदारांना दरवर्षी नव्याने पटवावे लागते.

बांबू आणि प्लॅस्टिकला आग लागली की ती पळते. 22 मार्च 2021 रोजी बालुखालीच्या छावणीत लागलेल्या आगीत किमान 15 माणसे मेली आणि सुमारे 45,000 बेघर झाली. छावण्यांभोवतीच्या काटेरी कुंपणामुळे पळताना अडकलो, असे वाचलेल्यांनी सांगितले. मार्च 2023 मध्ये पुन्हा आग लागून 12,000 जणांचा निवारा गेला.

पावसाळ्यात डोंगर खचतो. झाडे तोडून, टेकड्या कापून वस्ती झालेली, त्यामुळे मातीला धरून ठेवायला काही उरले नाही. जून 2024 मध्ये एका रात्रीच्या पावसात दरडी कोसळून दहा जणांचा जीव गेला. उतार धरण्यासाठी आता तिथे वाळा लावतात. आपण माठात टाकतो तोच सुगंधी वाळा. त्याची मुळे खोल जातात आणि माती घट्ट विणून ठेवतात.

चक्रीवादळासाठी तीन हजारांहून अधिक रोहिंग्या स्वयंसेवक तयार केले आहेत. झेंड्यांच्या संख्येवरून धोक्याची पायरी कळते, कर्ण्यावरून आपल्या भाषेत सूचना मिळते. 14 मे 2023 रोजी मोखा वादळ आले तेव्हा त्याचा मुख्य तडाखा सितवेला बसला. छावण्यांत हजारो झोपड्या मोडल्या, पण माणसे वाचली.

गॅसची टाकी आणि हत्तींची वाट

पहिल्या वर्षी चूल पेटवायला रोज शेकडो टन लाकूड तुटत होते. लाकडासाठी रानात जाणाऱ्या मुली आणि बायकांवर हल्ले होत. 2018 पासून घरोघर गॅसची टाकी आणि शेगडी देण्यात आली आणि लाकूडतोड झपाट्याने घटली. धूर, जंगल आणि बायकांची सुरक्षितता या तीन दुखण्यांवर एकच औषध लागू पडावे असे मदतकार्यात क्वचित घडते. निधी आटला की गॅसवरही गदा येते, म्हणून हे इथे सांगायचे.

कुतुपालोंगची छावणी ज्या टेकड्यांवर आहे त्या म्हणजे आशियाई हत्तींची म्यानमारकडे जायची जुनी वाट. पहिल्या काही महिन्यांत हत्तींनी डझनभर निर्वासितांचा जीव घेतला. मग रोहिंग्यांचीच पथके उभी राहिली. ती मचाणांवरून पहारा देतात आणि हत्ती आला की आवाज आणि उजेडाने त्याला न डिवचता माघारी वळवतात. माणसे मरणे थांबले. हत्तीची वाट मात्र बंदच राहिली.

कोणत्या देशाची शाळा

छावणीतल्या मुलांना बांगलादेशाचा अभ्यासक्रम शिकवायला परवानगी नाही. शिकली तर इथलीच होतील ही भीती. अनेक वर्षे ‘शिक्षण केंद्रां’त खेळ, अक्षरे आणि अंक एवढेच चालले, प्रमाणपत्र कोणतेच नाही. 2021 च्या अखेरीस म्यानमारचा अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि जुलै 2023 पासून सर्व वयोगटांसाठी खुला झाला. ज्या देशाने नागरिक मानले नाही, त्याच देशाची पाठ्यपुस्तके मुले पाठ करतात. पालकांना मात्र हे हवेच होते. त्यांच्या लेखी ती पुस्तके म्हणजे परतीचा दाखला.

केंद्रात बांगलादेशी शिक्षक इंग्रजी शिकवत आणि रोहिंग्या स्वयंसेवक बर्मी. जून 2025 मध्ये पैसा संपला आणि सुमारे बाराशे बांगलादेशी शिक्षकांची कामे गेली, केंद्रे बंद पडली, दोन लाखांहून अधिक मुलांचे शिक्षण अडले. नोकरी गेलेले शिक्षक उखियाच्या रस्त्यावर निदर्शनाला बसले. तेही आसपासच्याच गावांतले.

यजमानांचे काय

उखिया आणि टेकनाफमध्ये स्थानिक माणसे आज अल्पसंख्य आहेत. मजुरीचे दर पडले, भाज्या महागल्या, सरपणाचे आणि गुरांच्या चराईचे रान गेले. 2017 मध्ये ज्यांनी स्वतःच्या चुलीवरचा भात वाटला, त्यांचा धीर सुटत गेला तर त्यांना बोल लावता येत नाही. म्हणून मदतीच्या वार्षिक आराखड्यात स्थानिक गरिबांचाही हिस्सा धरलेला असतो.

छावण्यांवरचा भार हलका करण्यासाठी सरकारने भाशान चर या समुद्रातल्या गाळाच्या बेटावर पक्की घरे बांधली. क्षमता एक लाखाची. डिसेंबर 2020 पासून नेलेले लोक त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तिथे घर पक्के आहे, पण मुख्य भूमी बोटीने काही तासांवर. बेटावरून पळताना बोट बुडून माणसे गेली आहेत.

पैसा कुठून येतो

2025-26 च्या संयुक्त आराखड्यात पहिल्या वर्षासाठी 93 कोटी 45 लाख डॉलर मागितले होते, सुमारे 14 लाख 80 हजार लोकांसाठी. आपल्या हिशेबात साधारण आठ हजार कोटी रुपये. हा पैसा कोणत्याही देशावर बंधनकारक नाही. दरवर्षी नव्याने हात पसरावा लागतो. 2024 मध्ये आलेल्या निधीपैकी निम्म्याहून अधिक एकट्या अमेरिकेचा होता. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि मार्चमध्ये 726 टक्यांचा तो आकडा आला. दहा लाख माणसांचे जेवण एका देशाच्या निवडणुकीवर अवलंबून ठेवणे ही चूक होती. ती देणाऱ्या सगळ्याच श्रीमंत देशांची.

छावणीतली जवळपास निम्मी माणसे कमावत्या वयाची आहेत. त्यांना थोडेफार कमावू दिले तर हा खर्च कमी होईल, हे सर्वांना माहीत आहे. बांगलादेशाला वाटते की काम दिले की ते इथलेच होतील, आणि म्यानमारला तेच हवे आहे. ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण तिची किंमत ज्यांनी काही केले नाही ती मुले मोजतात.

परतीच्या बसगाड्या

नोव्हेंबर 2017 मध्ये दोन्ही देशांत परतपाठवणीचा करार झाला. नोव्हेंबर 2018 आणि ऑगस्ट 2019 अशा दोन वेळा याद्या निघाल्या, बसगाड्या येऊन उभ्या राहिल्या. एकही माणूस चढला नाही. त्यांची मागणी साधी होती: नागरिकत्व, सुरक्षितता आणि आपलीच जमीन. ही मागणी शब्दांत मांडणारे मोहिब उल्ला यांना 29 सप्टेंबर 2021 रोजी छावणीतच गोळ्या घातल्या गेल्या.

आता तर प्रवाह उलटा आहे. राखाइनमध्ये म्यानमारचे लष्कर आणि आराकान आर्मी ही बंडखोर संघटना यांच्यात युद्ध पेटले, डिसेंबर 2024 मध्ये सीमेवरचे माँगडाव आराकान आर्मीच्या ताब्यात गेले, आणि 2024 पासून दीड वर्षात सुमारे दीड लाख रोहिंग्या पुन्हा नाफ ओलांडून आले. त्यांच्या बोटांचे ठसे घेतले गेले, अन्न आणि औषधे मिळू लागली. नव्या झोपड्यांसाठी जागा मात्र मिळाली नाही. ते आधी आलेल्या भावाकडे, मावशीकडे, गावच्या ओळखीच्या माणसाकडे उतरले आहेत. बांबूच्या एका खोलीत मध्ये कापड टांगून आता दोन कुटुंबे राहतात.